चार बोटं आखूड

मी जाऊन आलो.
(आमच्यात बाया पण 'आलो, गेलो'च म्हणतात.
हसायचं असलं तर आधी हसून घ्या.)

शाळेच्या गॅदरिंगचे बत्तीस फ्रॉक.
कोरवी टीचर म्हणाल्या, इंदूताई, यंदा बॅले.
मोबाईलवर फोटो दाखवल्या, अंगठ्याएवढा.
फोटोवरनं माप कसं काढायचं ओ?
शहापूरच्या खडेबाजारात तीस वर्षं शिवायलोय,
टेप लावल्याशिवाय कात्री उचलली नाही कधी.

म्हणून रात्री शटर अर्धं ओढलं
आणि मशीनचं चाक उलटं फिरवलं.
चाक उलटं गेलं की दोरा तुटतो, हे पोरंही जाणतात.
त्याच्या पुढं काय होतं ते कुणी बघितलेलं नसतं,
दोरा तुटला की माणूस थांबतो ना.
मी थांबलो नाही.
एका फेऱ्याला एक साल.
दोनशे साठापर्यंत मोजलं,
मग गल्लीत कुत्रं भुंकलं आणि आकडा चुकला.

तर पॅरिस. सतराशे आणि वर काहीतरी.
शेकड्यानं मेणबत्त्या, आणि मेण टपटप
सरदारांच्या पीठ लावलेल्या टोपांवर.
वास अत्तराचा, घामाचा,
जिन्याखालचा कशाचा ते विचारू नका.
ढगात बसून देव खाली आला, दोरावर.
दोर ओढणारे आठजण,
एकाचा सदरा काखेत उसवलेला.
(माझी नजर तिथंच जाणार.)
नाचणाऱ्यांच्या तोंडाला मुखवटे
आणि बायांच्या कमरेला डालगं की ओ, कोंबड्या झाकायचं!
वरनं रेशीम, वारच्या वार, जमीन झाडत जाणारं.
बाया सरकायच्या, खाली चाकं लावल्यासारख्या.
पाय असतील त्यांना, असं वाटायचंच नाही.

पडद्याआड एक पोरगी पेटाऱ्यावर बसून
नाक पुसायली होती.
क्लोदिन, बहुतेक.
ती तिच्यात बोलली, मी माझ्यात,
अडलं तिथं कानडी घातली.
बेळगावच्या माणसाला दोन भाषांत भांडायची सवय,
तिसरीचं काय घेऊन बसलाय.

ती उठली. घागरा गुडघ्यापर्यंत धरला
आणि जागेवरच उडी मारली.
हवेत पाय एकमेकांना ओलांडून गेले,
तीनदा की चारदा,
वडगावच्या मागावर धोटा जातो तसे.
मग घागरा सोडला.
सगळं झाकलं.

मला काय सांगतीस बाई.
तीस वर्षं माझे पाय मशीनखाली नाचायलेत,
गिऱ्हाईक वरची शिलाई बघून जातं.

खाली बसलो. खडूनं रेघ मारली.
चार बोटं.
टाके लांब लांब घातले, वेळ नव्हता.
त्यांचा नाचमास्तर दारातनं ओरडायला लागला,
माझ्या तोंडात टाचण्या,
म्हणून तो वाचला.

ती गेली आत. उडाली.
पुढच्या रांगेत एका म्हाताऱ्या बाईसाहेबांचा पंखा
हलायचा थांबला.
आणि वर माळ्यावर, उभ्यानं बघणाऱ्यांत,
कुणीतरी शीळ घातली,
अगदी आपल्या जत्रेतली.
पुढं काय झालं ठाऊक नाही.
दूधवाला येण्याआधी मला पोचायचं होतं.

येताना चाक सुलटं.
मधे एकदा बॉबीन बदलली,
कुठल्या सालात ते बघितलं नाही,
बाहेर घोडे होते.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी हुंदरे सर म्हणाले,
फ्रॉक जरा आखूड नाहीत का?
सर, म्हटलो, माप बघून आलोय.

तिसऱ्या रांगेतली कंग्राळीची मल्लव्वा,
सगळ्या डावीकडं गेल्या तेव्हा उजवीकडं गेली,
ते सोडा.
पाय बघायला पाहिजे होते तुम्ही.

बिल केलं. बत्तीस फ्रॉक, एकशेदहाप्रमाणे.
प्रवासखर्च लावला नाही.
गल्ल्यात रेशमाची एक पट्टी आहे, चार बोटं रुंद.
टीचर विचारल्या, ही कुठली ओ?
उरलेली, म्हटलो.